बाकावरचा हेर

प्रिय धाकट्या,

तू सांगितलंस म्हणून गेले सहा बुधवार चिमणीला तिच्या त्या गटाला मीच नेतोय. घरात मारहाण बघितलेल्या लहानग्यांना म्हणे तिथं एकत्र बसवून बोलतं करतात. सूनबाई पोरीला तुझ्याविरुद्ध पढवून घेतेय, पोर कुणाकडे राहणार ते आता कोर्टात ठरायचंय, तेव्हा बाबा, नीट कान लावून बसा, असं तू म्हणालास. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण शिंप्याचा डोळा आहे. उसवलेली शिवण लांबून दिसते. बसलो बाहेरच्या बाकावर.

खोटं कशाला बोलू, मलाही काळंबेरं वाटलंच. दाराच्या काचेला आतून कागद चिकटवलेला. आत पाच-सहा वर्षांची सात पोरं आणि एक ताई. लपवायचं नाही तर कागद कशाला? मध्येच खिदळणं, मध्येच चिडीचूप. ताई बाहेर येऊन पाणी विचारायच्या, तेही इतकं गोड, की माझा संशय दुणावायचा. परतताना चिमणीला खोदून विचारायचो, ताई बाबांबद्दल काय म्हणाल्या? बाकीची पोरं काय बोलली? ती ओठ घट्ट मिटायची. दुसऱ्याचं बाहेर सांगायचं नाही, असा गटाचा नियम. घ्या! म्हणजे नक्कीच पाणी मुरतंय.

या बुधवारी बसथांब्यावर मीच दमलो. म्हटलं, बरं बाई, दुसऱ्यांचं राहू दे, तुझं तरी सांग. तर म्हणते कशी, माझं सांगायला चालतं की! तू विचारलंच नाहीस, आजोबा, वेडाच आहेस. त्या दिवशी त्यांना भीतीचे आवाज काढायचे होते. एकीनं दार आपटल्याचा काढला, एकीनं किल्ल्यांचा. आणि हिनं काढला घर्रर्र, माझ्या शिलाई मशीनचा. मला हसू आलं. अगं, मशीनला काय भ्यायचं? तर हळूच म्हणाली, तू मशीन जोरात चालवलंस की आई रडते. नको ना चालवूस.

धाकट्या, पोरीनं उलटं लावलं होतं. आधी काय व्हायचं ते तुला ठाऊक आहे, आणि मलाही. भिंतीपलीकडे तुझा आवाज चढला की मी पायडल दाबायचो. सुईत दोरा नसला तरी, नुसत्या चिंधीवर. ऐकू येऊ नये म्हणून. सकाळी सूनबाई सुजल्या गालानं चहा पुढे करायची, तो निमूट प्यायचो. आई मशीनमुळे रडत नव्हती, एवढं चिमणीला तिथंच सांगितलं. मग कशामुळे, असं तिनं विचारलं नाही. तिला माहीत होतं.

मी शेजारच्या खोलीत असून कधी काही ऐकलं नाही, अशी जबानी तू सहीसाठी पाठवलीस. सही केलेली नाही. काल सूनबाईच्या वकीलबाईंकडे जाऊन जे जे ऐकलं ते सांगून आलो, सोमवारी कोर्टातही सांगणार आहे. तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. रागावशील, रागाव. पण सोमवारी ये. बोलताना मी तुझ्याकडेच बघणार आहे; नजर चुकवण्यात फार वर्षं गेली.

उशिरा का होईना, तुझाच
बाबा