शेवटची सोळा पानं

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दुकानाच्या पाटीवर शोभतील एवढी मोठी अक्षरं काढतोस, म्हणून अजून वाचता तरी येतात. छापील ओळी म्हणजे आता मुंग्यांच्या रांगा झाल्यात. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकलं तरी पुष्कळ. वाचक मंडळात मात्र कुणाला पत्ता लागू दिलेला नाही. मागे तू कळवलेल्या कादंबरीवर मी वीस मिनिटं बोलले आणि ग्रंथपाल बाईंनी ती लगेच मागवून घेतली.

या महिन्यात पुस्तक सुचवायची पाळी पुन्हा माझी आहे. तुझ्याकडे बांधणीला आलेल्यांतलं एखादं वाचून सविस्तर लिही. शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक सुचवायचं नाही, हा नियम मीच घातलेला. निवृत्त पोस्टमननी नुसता मागच्या कव्हरवरचा मजकूर वाचून एक सुचवलं, तेव्हा मी त्यांना चारचौघांत फाडफाड बोलले. दोन वर्षं झाली, ते आलेच नाहीत. आता माझंच बिंग फुटलं तर कुठल्या तोंडाने तिथे बसू? शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझं बोलणं कुणी ऐकत असेल तर ते तिथेच.

तब्येतीला जप, आणि माझ्यावरची माया नजरेसारखी मंद होऊ देऊ नकोस.

तुझी,
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोस्टमनना घालवलंस आणि स्वतः चोरवाट धरलीस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्या वह्या तपासताना असलं काही खपवून घेतलं नसतंस.

असो. पुस्तक छान आहे. घड्याळं दुरुस्त करणारा एक जण भांडून घर सोडतो आणि बायको दुकान चालवायला शिकते. तिची बोटं हळूहळू कशी सरावतात, ते वाचताना माझा डिंक वाळून गेला. सात वर्षांनी तो परत येतो, काही न बोलता बंद पडलेलं घड्याळ पुढे करतो. ती मान वर न करता त्याला गुरुवारी यायला सांगते. तिथे पुस्तक संपतं.

रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाडत राहा.

तुझा,
धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

खरं सांग, ते पुस्तक तू पुरतं वाचलंस का? मी बोलायच्या भरात शेवटही सांगून टाकला, आणि ग्रंथपाल बाईंनी ते आधीच वाचलेलं निघालं. त्यांच्या प्रतीत नवरा येतच नाही. बायको दुकान विकून बहिणीकडे जाते. त्यांनी पुस्तक माझ्या पुढ्यात ठेवून ते पान दाखवायला सांगितलं. मी नुसती पानं उलटत राहिले. शेवटी चष्मा घरी राहिला म्हणाले, तर तो माझ्या नाकावरच होता.

कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.

लगेच उत्तर दे, आणि खरं दे.

ताई

१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चूक माझी आहे. ती प्रत आली तेव्हाच तिची शेवटची सोळा पानं उंदरांनी खाल्लेली होती. ज्याचं पुस्तक, त्याला तसंच शिवून हवं होतं. पण तुला अर्धीच गोष्ट कळवणं जिवावर आलं, म्हणून शेवट मी रचला. तुला आवडेल असाच रचला.

मंडळाला पत्र लिहून सगळं माझ्या माथी घेतो. पण डोळ्यांचं तूच सांग, ताई. किती दिवस लपवशील?

कान पकडून, पण तुझाच,
धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझ्या पत्राची गरज पडली नाही. गेल्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहून सगळं सांगून टाकलं: डोळे, तुझी पत्रं, उंदीर. नियम माझा, तेव्हा मंडळातून माझं नाव कमी करा, असंही सांगितलं. बाई नको नको म्हणत होत्या, पण मी ऐकलं नाही. घरी येऊन फार रडले, तुला म्हणून सांगते.

चार दिवसांनी, गुरुवारी, दारात पोस्टमन. बाईंनीच त्यांना कळवलं होतं. काखेत तेच पुस्तक. मी आधी माफी मागितली. त्यांनी ती घाई न करता पुरती ऐकून घेतली, मग उजेडात खुर्ची ओढून पहिल्या पानापासून वाचायला लागले. तेव्हापासून दर गुरुवारी येतात.

काल शेवटची सोळा पानं झाली. बायको दुकान विकून बहिणीकडे निघाली. तुझाच शेवट बरा होता असं त्यांचं मत पडलं, फक्त ते बाईंना सांगायचं नाही. मी पुस्तक मिटायला हात पुढे केला, तर त्यांनी तो अडवला. एक कोरं पान उलटून मागचं मुद्रकाचं नाव आणि पत्तासुद्धा मोठ्यांदा वाचला. नियम म्हणजे नियम, म्हणाले.

बाईंनी आम्हा दोघांची नावं मंडळात परत घातली आहेत. येत्या बैठकीत हे पुस्तक आम्ही दोघं मिळून पुन्हा, या वेळी नियमाने, सुचवणार आहोत. तू एकदा ये. खरा शेवट तुला मी सांगेन.

शेवटच्या पानापर्यंत तुझी,
ताई