पहारेकऱ्यांचा गोंधळ

३ मार्च, मंगळवार

आज शोभा झाली! बावीस वर्षं विंगेत बसून नटांना वाक्यं पुरवतेय, कधी अडले नाही. आज तालमीत आमचे राजेसाहेब (नाटकातले, एरवी विमा विकतात) दुसऱ्या अंकात अडकले, माझ्याकडे पाहिलं — आणि मी भलत्याच नाटकातलं वाक्य पुरवलं. त्यांनीही ते ठोकून दिलं! राणीला म्हणाले, "इन्स्पेक्टर, प्रेत कुठाय?" सगळे हसून लोळले. मीही. पण संहिता समोर उघडी होती. बोट बरोबर ओळीवर होतं माझं.

९ मार्च

किल्ल्या फ्रीजमध्ये, लोणी पर्समध्ये. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "ताण आहे." ताण? मला? चांगलंच झापलं त्यांना. आणि चष्मा तिथेच विसरून आले.

१२ मार्च

ताईला फोन केला. नंबर बोटांना पाठ! "ताई, माझं डोकं बिघडलंय गं, येतेस का?" पलीकडे आधी टीव्ही बंद केल्याचा आवाज. मग — "कोण बोलतंय?" घ्या! विसराळू मी की ही? "अगं, मी. धाकटी." संध्याकाळच्या गाडीने आली. मला दारात पाहून रडलीच. एवढी वाईट दिसते मी?

१६ मार्च

हॉस्पिटल. काल म्हणे मला झटका आला, हातपाय ताठ झाले. ताईनेच आणलं इथे. मेंदूच्या डॉक्टर — अगदी पोरसवदा दिसतात — पाठीत सुई घालून पाणी काढून गेल्या. त्याआधी म्हणाल्या, "तीन शब्द लक्षात ठेवा. शिडी, सफरचंद, बटण." पाच मिनिटांनी विचारलं. मी म्हटलं, "कसले शब्द?" ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं. (शब्द तिनेच सांगितले, तेव्हा इथे आले.)

२० मार्च

निदान झालं! लगेच लिहून ठेवते. शरीरात जंतूंशी लढणारी फौज असते. माझी फौज जंतू सोडून माझ्याच मेंदूवर चालून गेलीय. आठवणी सांभाळणारा भाग सुजलाय.

"म्हणजे मी वेडी नाही?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या, "तुमचे पहारेकरी वेडे झालेत."

आता सलाईनमधून त्यांना गप्प बसवणारी औषधं. बसवा! अजिबात दयामाया नको.

२१ मार्च

निदान झालं म्हणे. काय ते कालच्या पानावर आहे.

५ एप्रिल

घरी. औषधांनी तोंड भोपळ्याएवढं, भूक राक्षसाची. ताई रोज वेणी घालते आणि तीन शब्द विचारते. आज दोन आले. तिसऱ्याच्या जागी "ताई" म्हणून दिलं ठोकून. "लबाड!" म्हणाली, पण पाठ थोपटली. फार जपून बोलते माझ्याशी. मी काय काच आहे?

२६ एप्रिल

तिन्ही शब्द! उलटेसुद्धा! राजेसाहेब भेटायला आले, दुसऱ्या अंकातलं भाषण म्हणून दाखवलं. सात ठिकाणी चुकले — सातही चुका पकडल्या! ताईला हसून हसून ठसका लागला. स्वारी उलट खूश होऊन गेली.

डॉक्टर म्हणतात, जुन्या काही गोष्टी पुसल्या असतील, काही सावकाश परततील. येऊ देत की. घाई कुणाला आहे?

१० मे, रविवार

दात घासताना आठवलं. ताई आणि मी नऊ वर्षं बोलत नव्हतो. आई गेली त्या आठवड्यात मीच तिला म्हणाले होते, "पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." चूक कुणाची होती, तेही आठवलं. माझी.

ताई टॉवेल घेऊन आली. माझा चेहरा पाहून थबकली.

"आठवलं ना?" म्हणाली. "बॅग भरू?"

तोंडात फेस होता. मी तिचा हात घट्ट धरला.