कागदाची वात

९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. यांचा गुडघा आता बरा आहे, काठी सुटली. माझ्या दातांच्या दवाखान्याच्या खालचा शिंपी जागा सोडून गेला, जिना सामसूम झालाय. तू वेळेवर जेवतोस ना? वहिनी असती तर विचारावं लागलं नसतं.

तू पुन्हा तेच लिहिलंस: "सूज आली त्याच दिवशी नेलं असतं तर ती वाचली असती. मी बर्फ लावत बसलो." तीन महिने तू हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतोयस आणि तुझ्याकडे आले की मी शेजारी बसून ऐकतेय. एकदा माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, "हिनं दाढ इतकी जीव लावून केली होती, मीच माती खाल्ली." मी चहा करायला उठले.

आता ऐक. रूट कॅनल करताना दाढ आतून साफ झाली की तिच्यात कागदाची बारीक वात घालून बाहेर काढतात. आत जंतू उरलेत का, हे प्रयोगशाळेतून कळायला दोन दिवस लागतात. मी मात्र वात हुंगायचे. जंतू असले की कुजका वास येतो. पंचवीस वर्षांत माझं नाक चुकलं नाही, आणि त्याचा मला केवढा तोरा! वहिनी म्हणायची, "डिग्री हिच्या नाकाला द्यायला हवी होती."

गेल्या वर्षीच्या तापापासून मला वासच येईनासा झाला. दूध करपलं तरी कळत नाही. यांनासुद्धा सांगितलं नाही. प्रत्येक पेशंटची वात मुकाट्यानं तपासायला पाठवायचे आणि दोन दिवस थांबायचे.

त्या दिवशी वहिनी खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "आजच बंद करून टाक गं, उद्या लेकीकडे जायचंय. तुला काय, हुंगलं की झालं!"

मला वास येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली रे. मी हुंगल्याचं सोंग केलं, म्हणाले, "स्वच्छ आहे," आणि दाढ बंद केली.

मागाहून ती वात गुपचूप प्रयोगशाळेत पाठवली. जंतू असल्याचा अहवाल आला, तेव्हा तू तिला मोठ्या इस्पितळात नेत होतास. तो अहवाल सोबत जोडलाय.

हे पत्र तुझ्या लेकीलाही दाखव. ती तुझ्याशी बोलत नाही, ते माझ्या पापामुळे. तू उशीर केला नाहीस, दादा. मी दाढ बंद केली तेव्हाच उशीर झालेला होता.

पत्राच्या शेवटी नमस्कार लिहायचा असतो. कुठल्या तोंडानं लिहू?

धाकटी