पोस्टाने आलेला घोडा

सोंबोर,
४ मे १९७८

ति. ल्युबिशादादास,
विदाचा सा. न. वि. वि.

काल तुझं कार्ड आलं. चाल पटावर मांडली, चष्मा पुसला आणि कार्ड पुन्हा वाचलं. तुझा घोडा थेट माझ्या प्याद्याच्या तोंडात येऊन बसलाय, त्याला वाली कोणी नाही. लहानपणी तुतीखाली तू असाच मुद्दाम हरायचास, आणि ते कळलं की मी दिवसभर रडायचे. शाळेतली नोकरी संपल्यावर या वयात मी खेळ नव्याने शिकायला बसले, ती काही घोडे दान घ्यायला नाही.

बुद्धिबळ क्लबच्या ग्रुयित्साने रविवारी सगळ्यांदेखत सुनावलं, की विदा शिकते भराभर, पण जिंकत आली की हात जोडून बरोबरी मागते. अशीला संघात चौथ्या पटावर कसं बसवायचं? मला लागलं, कारण खरं होतं. पण त्या चौथ्या पटाची मला फार आस आहे, दादा.

तर घोडा मागे घे आणि दुसरी चाल पाठव. नाहीतर बरोबरी मान.

आई गेल्यापासून तू घरी फिरकला नाहीस. यंदा जर्दाळू खायला तरी ये.

कळावे. पटावर वैर, पटाबाहेर लोभ असू द्यावा.
तुझी विदा


निश,
११ मे १९७८

चि. विदास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी तुझ्यावर चिडलो, मग स्तोयांकावर. तुझ्या वहिनीने ईस्टरच्या साफसफाईत पट पुसला आणि सोंगट्या जशाच्या तशा ठेवल्या. तुझं ते प्यादं तेवढं एक घर मागे. मी मोठ्या डौलात घोडा पुढे काढला. तिला विचारलं, तर म्हणते, आयुष्यभर खेळणाऱ्याला एक प्यादं कुठे होतं ते आठवू नये का!

पण पेटीत टाकलेली चाल ती चाल. हात लावलेली सोंगटी हलवायचीच, हे बाबांनी आपल्याला जेवायला शिकवण्याआधी शिकवलं. घोडा मागे घेणार नाही आणि बरोबरीही मानणार नाही. घोडा गमावून बरोबरी नाकारणारं गाढव अख्ख्या निशमध्ये मी एकटाच असेन. खा तो घोडा आणि मग जिंकून दाखव. आयतं काही मिळणार नाही.

जर्दाळूचं पुढच्या वर्षी बघू.

आशीर्वाद आहेतच, ते घोड्याच्या बदल्यात समजू नयेत.
दादा


सोंबोर,
९ सप्टेंबर १९७८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

अंगणात आलुबुखाराचा मुरंबा शिजतोय, म्हणून कागदाला डाग पडलाय. रागावू नकोस.

परवाच्या कार्डावर चालीखाली तू बरोबरी मागितलीस. डोळे दुखतात, हिवाळा तोंडावर आलाय, भावंडांत कसली हारजीत, असं लिहिलंस. मला वाईट वाटलं. मी होकाराचं कार्ड लिहिलं, तिकीट लावलं आणि पोस्टापर्यंत गेलेसुद्धा. पेटीपाशी तुझंच वाक्य आठवलं, की टाकलं ते टाकलं. तशीच माघारी आले.

मुरंबा ढवळताना कळलं, मी हरायला घाबरतच नाही. समोरचा दुखावेल याला घाबरते. जन्मभर मी तेच केलं, वर्गात काय आणि घरात काय. या वेळी तू दुखावलास तर दुखाव. बरोबरी नाही. चाल खाली लिहिली आहे, हत्ती तुझ्या प्याद्यांच्या मागे शिरलाय.

रागावलास तरी लोभ कमी करू नयेस, एवढं मागणं आहे.
विदा


निश,
२० नोव्हेंबर १९७८

चि. विदास,
आशीर्वाद. वि. वि.

डाव सोडला. काही वाचतं का म्हणून आठवडाभर पटाकडे बघत बसलो. स्तोयांका म्हणाली, पुन्हा एकदा पुसून देऊ का?

तुला वाटेल, बरोबरी मागून मी तुझी परीक्षा घेत होतो. तसं नव्हतं. मला खरोखर हरायचं नव्हतं, तेही तुझ्याकडून. तेव्हा हा डाव तुझाच, कुणी दिलेला नाही.

डाव सोडताना राजा आडवा करायचा असतो. तो पत्रातून कसा करणार? म्हणून बाबांच्या संचातला पांढरा राजा जुन्या मोज्यात गुंडाळून पाठवतोय. तूच आडवा कर आणि परत पाठव. त्याच्यावाचून माझं खेळणं अडेल.

हरलेल्या भावावर माया असावी.
दादा


सोंबोर,
३० नोव्हेंबर १९७८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

राजा पोचला. रविवारी ग्रुयित्साने मला चौथ्या पटावर बसवलं. राजा कोटाच्या खिशात होता. मी वरचढ असताना समोरच्या रेल्वेवाल्याने बरोबरी मागितली. नको म्हणाले, आणि शेवटी हरले. ग्रुयित्सा एवढंच म्हणाला, की पुढच्या रविवारीही तूच बस.

बाबांचा राजा आईच्या खिडकीत उभा आहे. आडवा करायला हात धजला नाही. पण तो परत पाठवणार नाही, दादा. टपालात टाकलं ते टाकलं, नियम तुझाच आहे. पुढच्या महिन्यात डुक्कर कापू, सॉसेज भरू, तुझी खोली तापवून ठेवीन. राजा हवा असेल तर घरी येऊन घेऊन जा.

वाट बघते.
विदा