पाठवणारी: मालू

४ जून २०१२
आजपासून पनवेलला, कोर्टासमोरच्या अविनाशच्या टायपिंगच्या दुकानात. खुर्ची नवी, पंखा बरोबर डोक्यावर. वकिलांचे अर्ज, पंचनाम्यांच्या नकला टाइप करायच्या. कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. सातवीत शाळा सुटली, पण इंग्रजी मी घरीच वाचायला शिकले, हे कळल्यावर अविनाशने लिनक्सचं एक जाड पुस्तक हातात ठेवलं. म्हणाला, ताई, तुम्ही वाचा आणि मलाही सांगा.

९ जून
समजलं. पान थेट प्रिंटरकडे जात नाही. आधी रांगेत बसतं, नंबर घेतं. मग प्रिंटरला कळेल अशा भाषेत त्याचं रूपांतर होतं, तेव्हा छापतं. कोणतं पान कोणी पाठवलं तेही दिसतं. एलपीआरएम लिहून पुढे नंबर दिला की पान रांगेतून निघतं. आमचे हे असते तर रात्रभर ऐकत बसले असते. उलव्याच्या जमिनीपायी चुलत दीर काशिराम आणि कुमार यांनी ह्यांना कोयत्याने तोडलं, त्याला तीन वर्षं झाली. दोघे जामिनावर आहेत.

१९ जून
काल कोर्टाच्या पायरीवर काशिराम मला बघून हसला. मरावा हा, असं मनात आलं. आज मी न टाइप केलेला पंचनामा छापून आला. मयत काशिराम. मानेवर तीन वार, उजव्या हाताची बोटं तुटलेली. पाठवणारी: मालू.
संध्याकाळी तो कोन गावाजवळ सापडला. बोटं गवतात होती.

२२ जून
रांगेत कुमारचं पान. काढून टाकता आलं असतं. मी हात मांडीवर ठेवून बघत राहिले. संध्याकाळी तो पानात होतं तसाच सापडला. पोट फाडलेलं, आतडी बांधावर.
घरी येऊन पोटभर जेवले.

२७ जून
माझ्या केतनने काशिराम-कुमारच्या घरच्यांशी जमिनीची तडजोड केली, सही दिली. म्हणाला, आये, बास झालं, मला जगायचं हाय. मी म्हणाले, तू मला मेलास.

२८ जून
रांगेत केतन. वय बावीस. कवटी फुटून —
काढलं. नवा नंबर घेऊन परत आलं. काढलं. परत.
वायर ओढली. प्रिंटरचा दिवा पेटलेलाच.
केतनचा फोन लागत नाही.

रात्री अकरा वाजता
अविनाश गावाला. फोनवर म्हणाला, रांगेतलं मागचं पान पुढे घेता येतं.
पाठवणारी मी. मीच नसले तर त्याचं पान परत कोण पाठवणार?
माझा पंचनामा टाइप केला. मानेवर वार — तीन लिहिले. पुढे घेतलं.

माझं पान अर्धं बाहेर. शटर कोणीतरी आतून ओढतंय. आत मी एकटीच —
मान ओली —
जो वाचेल त्याने केतनचं पान काढा. आता परत येणार नाही. एलपीआरएम लिहा, पुढे नंबर, एकशे बेचा—