गरुडातल्या ताऱ्याच्या नोंदी मनुबाईच्या नावे

लिहून ठेवतो मी, सुभेदार ज्योतिबा केरबा आटुगडे, फौजेतून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, मुक्काम आष्टा, तालुका वाळवा. डोकं ठिकाणावर आहे, कुणाचा दाब नाही, चहाशिवाय कसली नशा नाही. सबब माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

१. घर, अडीच एकर ऊस आणि बँकेतली ठेव पत्नी मनुबाई हिची. तिच्या हयातीत कुणी वाटणीचा शब्द काढू नये.

२. धाकटे बंधू लालासाहेब यांनी चारचौघांत विचारलं होतं, "तारं बघून ऊस वाढतोय व्हय, दादा?" त्यांना गच्चीवरची आरामखुर्ची द्यावी. बसून एकदा तरी वर बघावं.

३. दुर्बीण कन्या शिवांजलीला. ती कराडला पदार्थविज्ञान शिकवते. या नादाला तिनेच लावलं. गरुड तारकासमूहातला आमचा तारा सात दिवसांत फुगतो, आक्रसतो, उजळतो, मंदावतो. त्या फेऱ्याच्या काळावरून त्याचं खरं तेज कळतं, आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडलं की अंतर. असे हजारो तारे मांडून आपल्या आकाशगंगेचा नकाशा करतात. आमच्या ताऱ्याचं तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून मी परदेशातल्या निरीक्षक मंडळाला कळवत असे.

४. आता कबुली. २००९ पासून मोतीबिंदूमुळे मला तो तारा धड दिसत नव्हता. फौजेतला नेमबाज मी, बोलू कसा? मनुबाईनेच ओळखलं. "आवं, दिसत न्हाई तर कशाला फुकाचं लिवताय? मी सांगती, तुमी लिवा." ऑपरेशननंतरही तीच बघत राहिली, कारण तिच्या नजरेतून तांदळातला खडा सुटत नाही. १,८४० नोंदी तिच्या, गेल्या माझ्या नावावर. सांगलीत शाल-श्रीफळ मी घेतलं आणि ती पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होती. त्याची मला फार लाज वाटते. शिवाय प्रत्येकाची नजर वेगळी; दोघांच्या नोंदी एकाच नावावर गेल्या की नकाशा करणाऱ्यांची फसगत होते. म्हणून माझ्या मृत्यूनंतर शिवांजलीने मंडळाला पत्र पाठवून त्या नोंदी मनुबाईच्या नावे कराव्यात. माझ्या ३१२ उरतील. मला तेवढ्या पुष्कळ झाल्या.

दुरुस्ती : वरील मजकूर मनुबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मेल्यावर खरं बोलायला काय लागतंय? जित्तं हायसा तवर धाडा." सबब कलम ४ मधले "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द खोडून तिथे सही केली आहे. पत्र आजच पाठवलं. त्याखाली पहिली सही तिची, दुसरी माझी.

ज्योतिबा केरबा आटुगडे (सही)

त्यांनी आमच्यासमोर सही केली, मग आम्ही केली :
१. सिद्धू बाळू लोहार, शेजारी (सही)
२. डॉ. गोपाळकृष्ण भावे (सही). तपासलं, डोकं खरंच ठिकाणावर आहे.

आष्टा, जिल्हा सांगली
१८ ऑक्टोबर २०२४