खांडबाऱ्याचे बासष्ट सेंट

खांडबारा,
२० ऑगस्ट १९३६

ती. आक्कास,
धाकट्या पितांबरचा शि. सा. नमस्कार वि. वि. इकडे सर्व ठीक. पाऊस मात्र नाही. रॉकेलचा डबा कापून केलेल्या माझ्या पर्जन्यमापकाला महिनाअखेर तीन वर्षे होतील. तीन वर्षांची अखंड नोंद पाठवल्यास खांडबाऱ्याला सरकारी पर्जन्यकेंद्र देण्याचा विचार करू, असे पुण्याच्या हवामान कचेरीने कळवले आहे. परंतु राखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात बासष्ट सेंट, म्हणजे अर्ध्या इंचाहून जास्त पाणी निघाले, आणि अंगणात धूळ! शेजारचे दोधूअण्णा हसून म्हणाले, पानी डबामा नही, वावरमा पाह्यजे. तरी मी आकडा लिहिला. तेव्हापासून तो टोचतो आहे. तू इथेच होतीस. पहाटे सर ऐकलीस का? उलट टपाली कळव.
तुझा, पितांबर

नंदुरबार,
२४ ऑगस्ट

चि. पितांबरास अनेक आशीर्वाद.
सर कसली! तांब्याभर पाणी मीच ओतले. कोरड्या श्रावणात आभाळाखाली रिकामे भांडे ठेवू नये, ही आईची रीत तू कॉलेजात विसरलास. शिवाय रोज डब्यात डोकावून तू जेवण टाकून उठायचास, ते बघवेना. पण एवढ्या शिकलेल्याला धूळ दिसू नये? रागावू नकोस, बहिणीवर माया असू दे.
रुखमाआक्का

खांडबारा,
२७ ऑगस्ट

ती. आक्कास शि. सा. न.
रागावलो आहेच. तुझ्यापेक्षा स्वतःवर. धूळ दिसली होती. पावसाचा आकडा लिहिण्याचा मोह आवरला नाही. त्या दिवसापुढे आता ‘माहीत नाही’ असे लिहितो. कचेरी कदाचित एका दिवसाची माफी देईल. पण तुला आईची शपथ, एकदाच ना?
पितांबर

नंदुरबार,
१ सप्टेंबर

चि. पितांबरास आशीर्वाद.
‘एकदाच’ एवढे लिहिले की तुझी तीन वर्षांची नोंद वाया जात नाही, हे मला कळते. तसे कार्ड लिहून दोनदा फाडले. पण शपथ घातलीस. तिन्ही राखींना ओतले, आणि मी गेल्यावर कोरड्या दिवसांत ओतायला तुझ्या बायकोला, धनूला, सांगून आले. तिने किती वेळा ओतले ते विचार, पण तिच्यावर ओरडू नकोस. मला काय बोलायचे ते बोल.
आक्का

खांडबारा,
६ सप्टेंबर

ती. आक्कास शि. सा. न.
धनूला आठवत नाही. तिन्ही वर्षांवर काट मारली. पुण्याला तसे कळवले. काल शाळेतून येताना सर लागली. डब्यात एकोणीस सेंट. मी स्वतः चिंब भिजलो होतो, तरी आकडा लिहिण्याआधी धनूकडे पाहिले.
लोभ आहे, तो राहीलच.
पितांबर